छातीत पाणी झालं तर

लालबागच्या एका चाळीत आमचा एक गाववाला राहत होता. नाव घेऊन काय करायचं आहे? वय पस्तिशीच्या आत. मिरची गल्लीत पोती उचलायचं काम. अंगाने काटक. डॉक्टरची पायरी कधी चढला नव्हता.

एका पावसाळ्यात त्याला ताप आला. खोकला आला. उजव्या कुशीत कळ येऊ लागली. मोठा श्वास घेतला की सुरी खुपसल्यासारखं दुखे. शेजारी म्हणाले, "ओझं उचलताना उसण भरली असेल." बायकोने तेल चोळलं, वीट तापवून शेक दिला. जवळच्या एका दवाखान्यात त्याने सुई टोचून घेतली, तीन दिवसांच्या गोळ्या आणल्या. ताप उतरला. दोन दिवसांनी पुन्हा चढला.

दहा दिवसांनी कळ आपोआप थांबली. घरात सगळ्यांना हायसं वाटलं. पण आता दुसरंच सुरू झालं. जिना चढला की धाप लागे. डाव्या कुशीवर झोपवेना. संध्याकाळी अंग तापे, अन्नावरची वासना गेली. असे आणखी दहा-बारा दिवस गेले. शेवटी त्याच्या थोरल्या भावाने त्याला परळला के. ई. एम. इस्पितळात नेलं.

तिथल्या डॉक्टरांनी त्याला उघडं बसवलं. पाठीवर एका हाताचं बोट सपाट ठेवलं आणि दुसऱ्या हाताच्या बोटाने त्यावर ठोकलं. डाव्या बाजूला ढब ढब असा पोकळ आवाज आला. उजवीकडे खाली मात्र आवाज बसका, दगडावर ठोकावं तसा. मग छातीचा फोटो काढला. फोटोत उजवी बाजू खालून अर्ध्यापर्यंत पांढरी दिसत होती. डॉक्टर म्हणाले, "छातीत पाणी झालंय."

ही ठोकून पाहायची रीत जुनी आहे. आउएनब्रुगर नावाच्या ऑस्ट्रियातल्या डॉक्टरने १७६१ साली ती पुस्तकात लिहून ठेवली. त्याचा बाप खाणावळवाला होता. पिपात दारू किती उरली हे पीप ठोकून कळतं, ते पाहून मुलाला ही युक्ती सुचली असं सांगतात. आपल्याकडे बाया कणगी ठोकून धान्य किती उरलं ते ओळखतात. तोच हिशेब.

आता हे पाणी असतं कुठे? पुष्कळांना वाटतं, फुप्फुसात पाणी भरलं. तसं नव्हे. पाणी फुप्फुसाच्या बाहेर असतं. आपल्या फुप्फुसाला दोन पदरांचं पातळ आवरण आहे. एक पदर फुप्फुसाला चिकटलेला, दुसरा बरगड्यांच्या आतल्या बाजूला. दोन्ही पदर एकमेकांवर सरकतात. बैलगाडीच्या आसाला वंगण लागतं, तसं या दोन पदरांच्या मध्ये थोडं पाणी असतं. ते किती? चहाचे दोन-चार चमचे, बस्स.

फुप्फुसाला न्यूमोनिया झाला, क्षयाचे जंतू लागले, की हे आवरण सुजतं. सुजलेले पदर एकमेकांवर घासतात. ती घासण म्हणजेच ती सुरीसारखी कळ. मग सुजलेल्या आवरणातून पाणी पाझरू लागतं. चमच्यांचं पाणी तांब्याभर होतं, कधी कळशीच्या तळाएवढं. पाणी वाढलं की दोन पदर एकमेकांपासून दूर होतात. घासण बंद होते, म्हणून कळ थांबते. आमच्या गाववाल्याची कळ थांबली ती अशी. रोग गेला नव्हता, वाढला होता. लोहाराचा भाता आहे, त्याच्या शेजारी कोणी पाण्याने भरलेली पखाल दाबून ठेवली तर भाता फुगेल का? तसं त्याच्या उजव्या फुप्फुसाचं झालं होतं.

डॉक्टर म्हणाले, "सुई घालून पाणी काढून बघू." आणि इथे घरात वाद झाला. चुलता म्हणाला, "एकदा पाणी काढलं की सवय लागते. पुन्हा पुन्हा भरतं." कोणी म्हणालं, "सुई फुप्फुसात गेली तर माणूस जायचा."

ही भीती मी गावोगावी ऐकली आहे. म्हणून जरा सविस्तर सांगतो. पाणी पुन्हा भरलं तर ते सुईमुळे भरत नाही. आतला रोग जिवंत असतो म्हणून भरतं. विहिरीला झरा असला तर उपसलेलं पाणी परत येणारच. त्यात मोटेचा काय दोष? झरा बंद करायला औषध लागतं. आणि कोणतं औषध द्यायचं, ते पाणी तपासल्याशिवाय नीट कळत नाही.

सुई घालताना रोग्याला बसवतात. समोरच्या टेबलावर हात टेकवायला सांगतात. सोनोग्राफीने पाणी कुठे आहे ते पाहून पाठीवर खूण करतात. आधी बारीक सुईने ती जागा बधिर करतात. मग बरगडीच्या वरच्या कडेला लागून सुई आत घालतात, कारण रक्ताची शीर बरगडीच्या खालच्या कडेला असते. धोका अगदीच नाही असं नाही. क्वचित आत हवा शिरते, क्वचित रक्त येतं. म्हणून हे काम इस्पितळातच करायचं. रोग्याने हालायचं नाही आणि खोकला आला तर आधी सांगायचं. पाणी फार असलं तरी सगळं एका दमात काढत नाहीत. लिटर-दीड लिटर काढलं की थांबतात. दबलेलं फुप्फुस एकाएकी उघडलं तर त्याला सूज येते.

काढलेलं पाणी पुष्कळ काही सांगतं. गवताच्या काडीसारखं पिवळसर, नितळ पाणी क्षयात येतं. दाट, वास मारणारं पाणी म्हणजे पू. लालसर असलं तर इतर रोगांचीही शंका घेतात. नुसत्या रंगावर मात्र कोणी निदान करत नाही. पाण्यात साखर किती, आंबटपणा किती, कोणत्या पेशी आहेत, जंतू आहेत का, हे सगळं बघतात. हृदय, मूत्रपिंड किंवा यकृत बिघडलं तरीही छातीत पाणी होतं, तेव्हा जंतूंचा काही संबंध नसतो. कर्करोगानेही होतं. तसं निघालं तर उपाय वेगळा. त्यासाठी परळलाच टाटा रुग्णालय आहे, १९४१ सालापासूनचं.

आपण जंतूंच्या पाण्याचं बोलू. त्याच्या दोन वाटा आहेत.

आमच्या गाववाल्याच्या शेजारच्या खाटेवर साताऱ्याकडचा एक जण होता. खाणावळीत पोळ्या लाटायचा. त्याचंही पाणी काढलं. ते नितळ पिवळं निघालं. क्षयाच्या पाण्यात जंतू सहसा हाताला लागत नाहीत, थोडे असतात. म्हणून एडीए नावाची एक तपासणी करतात. तिच्यावरून आणि पेशींवरून क्षय ठरला. त्याला धाप लागत होती तेवढ्यापुरतं पाणी काढलं आणि गोळ्या सुरू केल्या. नळी नाही, ऑपरेशन नाही. उरलेलं पाणी औषधाने हळूहळू आपोआप जिरलं. क्षयाचं नितळ पाणी बहुतेक वेळा असंच जिरतं.

पण गोळ्या किती दिवस? सहा महिने. पहिले दोन महिने चार औषधं, पुढचे चार महिने तीन. रोज, वजनाप्रमाणे. सरकारी दवाखान्यात फुकट. महिन्याभरात ताप जातो, भूक लागते, माणूस म्हणतो, "आता कशाला?" इथेच घात होतो. अर्धवट सोडलं की उरलेले जंतू त्या औषधांना जुमानत नाहीत. मग जास्त जड औषधं घ्यावी लागतात. दुसरी एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. या गोळ्यांतल्या एका औषधाने लघवी नारिंगी होते. रक्त समजून गोळ्या फेकून दिलेली माणसं मला ठाऊक आहेत. त्यात घाबरण्यासारखं काही नाही. डोळे पिवळे झाले, उलट्या थांबेनात, नजर अंधूक झाली, तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरला गाठायचं.

गिरणगावाला क्षय नवा नाही. परळ-लालबागच्या गिरण्या चालू होत्या तेव्हा एका खोलीत दहा-पंधरा माणसं पाळीपाळीने झोपत. रात्रपाळीचा उठला की दिवसपाळीच्या माणसाने तीच वळकटी पसरायची. खोलीला एक खिडकी. त्यात कापसाचा कण. एक खोकू लागला की सगळ्यांच्या छातीत जाई. छाती बिघडलेला कामगार मग गावी पाठवत, हवापालटाला. गावी तो बरा होत नसे. उलट घरच्यांना रोग देई. त्या काळी हाती औषधच नव्हतं, कोणाला बोल लावणार? क्षयावरची औषधं आली ती १९४० नंतर. पुढे मद्रासला १९५६ साली एक मोठा प्रयोग सुरू झाला. काही रोग्यांना आरोग्यधामात ठेवलं, काहींना त्यांच्या दाटीवाटीच्या घरीच औषध दिलं. घरी राहिलेलेही जवळजवळ तितकेच बरे झाले. तेव्हापासून जगाला कळलं की हवापालटापेक्षा गोळ्या न चुकवणं मोठं आहे.

आता दुसरी वाट, पुवाची. आमच्या गाववाल्याच्या पाठीतून निघाला तो पू.

न्यूमोनियानंतर छातीत जे पाणी होतं ते पहिले काही दिवस पातळ असतं. त्या वेळी जंतूंना मारणारी औषधं शिरेतून दिली तर पुष्कळांचं पाणी तेवढ्यावर जिरतं. फार तर सुईने काढावं लागतं. पण दिवस जातात तसं ते बदलतं. दुधाचं विरजण कसं लागतं? सकाळी दूध वाहतं. रात्री त्यात कवडी धरते. मग ते गाळणीतून जात नाही. छातीतलं पाणीही असंच बदलतं. साधारण आठवड्यानंतर त्यात कोळ्याच्या जाळ्यासारखे पडदे तयार होतात. एका मोठ्या खोलीच्या दहा लहान खोल्या होतात. एका खोलीतला पू काढला तरी शेजारच्या खोलीत तसाच राहतो. तीन-चार आठवडे गेले की फुप्फुसावर जाड साल धरते. मग आतला पू काढला तरी फुप्फुस फुगत नाही, सालीत अडकून बसतं.

सगळ्या उपायांची निवड या एका गोष्टीवर ठरते. किती दिवस गेले?

पू असला की नुसत्या औषधाने भागत नाही. औषध रक्तातून जातं, आणि पुवाच्या पोटात रक्त पोचत नाही. म्हणून नळी घालतात. काखेच्या खाली, बरगड्यांच्या मधून. जागा बधिर करूनच. नळीचं दुसरं टोक खाली एका बाटलीत सोडतात. बाटलीत थोडं पाणी असतं आणि नळीचं टोक त्या पाण्याच्या खाली बुडलेलं असतं. हे कशासाठी? गुडगुडी ओढणाऱ्याला विचारा. गुडगुडीत धूर पाण्यातून बुडबुडे काढत येतो, पण आल्या वाटेने परत जात नाही. तसंच छातीतली हवा आणि पू बाहेर येतो, बाहेरची हवा मात्र आत शिरत नाही. ही बाटलीची युक्ती जर्मनीतल्या हँबुर्ग शहरी ब्यूलाउ नावाच्या डॉक्टरने १८७५ साली केली. आजही मुंबईच्या इस्पितळांत तिचाच नवा अवतार खाटेखाली उभा असतो.

यामागे एक दुःखाची हकीकत आहे. १९१८ साली जगभर इन्फ्लुएन्झाची साथ आली. त्या जूनमध्ये मुंबईच्या गोदीवर पहाऱ्याला असलेले पोलीस शिपाई तापाने पडले आणि बघता बघता शहर आजारी झालं. त्याच सुमाराला अमेरिकेतल्या लष्करी छावण्यांत हजारो तरुण शिपायांच्या छातीत पू होत होता. तिथले शल्यवैद्य लगोलग बरगडी कापून छाती उघडी करत. फुप्फुस अजून मोकळं असताना छाती उघडली की बाहेरची हवा आत घुसते आणि फुप्फुस मिटतं. सरासरीने शंभरातले तीस दगावत होते. मग सरकारने डॉक्टरांची एक समिती नेमली. तिने सांगितलं, सुरुवातीला छाती उघडी करू नका. सुईने आणि बंद नळीने पू काढा, रोग्याला पोटभर खाऊ घाला. मरणारांची संख्या पुष्कळ खाली आली. तेव्हा जंतू मारणारं एकही औषध नव्हतं, हे लक्षात घ्या.

आमच्या गाववाल्याला नळी घातली. पहिल्या दिवशी बाटली भरून पू आला. ताप थोडा उतरला. तिसऱ्या दिवशी नळी थंडावली. सोनोग्राफीत दिसलं, आत पडदे झालेत. विरजण लागलं होतं.

अशा वेळी नळीतूनच आत औषध सोडतात. ते पडदे विरघळवतं. विलायतेत दोनशे दहा रोग्यांवर एक पाहणी झाली, ती २०११ साली छापून आली. तिच्यात दोन औषधं मिळून दिली तेव्हा फायदा दिसला, एकेकटं दिलं तेव्हा दिसला नाही. औषध महाग आहे आणि त्याने कधी कधी रक्तस्राव होतो, म्हणून सगळ्यांना देत नाहीत. त्याने भागलं नाही तर दुर्बिणीचं ऑपरेशन. छातीला दोन-तीन लहान छेद देतात, एकातून दुर्बीण घालतात, पडदे तोडून पू धुऊन काढतात. त्यालाही उशीर झाला तर छाती उघडून फुप्फुसावरची साल सोलून काढावी लागते. मोठं काम आहे ते. आणि रोगी इतका अशक्त असला की ते झेपणार नाही, तर बरगडीचा लहान तुकडा काढून छातीला खिडकी ठेवतात. तिच्यातून महिनोन् महिने पू वाहतो, रोज पट्टी बदलावी लागते. ऐकायला भयंकर वाटतं, पण त्यानेही माणसं जगली आहेत.

आमच्या माणसावर दुर्बिणीचं ऑपरेशन झालं. साल अजून पातळ होती म्हणून निभावलं. तेवीस दिवस इस्पितळात, पुढे दोन महिने कामावर नाही. रोजावर पोट असलेल्या माणसाला अडीच-तीन महिने म्हणजे काय, ते मी तुम्हाला सांगायला नको. पहिल्या आठवड्यात फोटो काढला असता तर कदाचित शिरेतल्या औषधावर आणि एका सुईवर काम झालं असतं.

खाटेजवळ बसणाऱ्या नातेवाइकांसाठी थोडं. बाटली नेहमी छातीच्या खाली, जमिनीलगत ठेवायची. रोग्याला हलवताना बाटली उचलून त्याच्या पोटावर ठेवली तर बाटलीतलं घाण पाणी छातीत परत जाऊ शकतं. नळी अंगाखाली दबू द्यायची नाही, आपल्या मनाने चिमटा लावायचा नाही. श्वासाबरोबर नळीतलं पाणी खालीवर होतं, ते ठीक चालल्याचं लक्षण. नळी चुकून निसटली तर त्या भोकावर जाड फडकं दाबून धरायचं आणि सिस्टरला हाक मारायची. नळी आहे म्हणून रोग्याला निजवून ठेवू नका. त्याला बसवा, बाटली हाताने खाली धरून चालवा, दीर्घ श्वास घ्यायला लावा, खोकू द्या. इस्पितळात तीन गोळ्यांचं एक खेळण्यासारखं यंत्र देतात. श्वास आत ओढला की गोळ्या वर चढतात. आमचा गाववाला आधी लाजला, "पोरांचा खेळ" म्हणाला. मग शेजारच्या खाटेवरच्या सातारकराशी त्याची पैज लागू लागली. खायला अंडी, डाळ, दूध, मासळी, जे परवडेल ते. पुवातून अंगातलं सत्त्व वाहून जातं, ते भरून काढायला हवं. जखम चिघळेल म्हणून मासळी बंद करतात, त्यात काही अर्थ नाही.

लहान मुलांनाही न्यूमोनियानंतर असा पू होतो. परळला मुलांचं वाडिया इस्पितळ त्यासाठी आहे. वेळेवर उपाय झाला तर मुलांची फुप्फुसं मोठ्यांपेक्षा चांगली सुधारतात. न्यूमोनियाच्या एका मुख्य जंतूवरची लस २०२१ पासून देशभर फुकट मिळते. दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिने, अशा तीन वेळा. मोठ्या माणसांत मधुमेहवाले, दारू पिऊन बेशुद्ध पडणारे आणि किडलेले दात तोंडात बाळगणारे यांना हा पू जास्त होतो. दातांतली घाण झोपेत श्वासाबरोबर फुप्फुसात उतरते.

एवढ्यासाठी मुंबईच गाठायला हवी असं नाही. तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात छातीचा फोटो निघतो, पाणी काढता येतं. आठ दिवसांवर ताप, एका कुशीत कळ किंवा धाप, एवढं असलं की तिथे जा आणि फोटो काढायला सांगा. ऑपरेशनची वेळ आली तर परळचं के. ई. एम. आहे. ते १९२६ सालापासून चालू आहे आणि महानगरपालिका चालवते. क्षयाच्या रोग्यासाठी जवळच शिवडीला महानगरपालिकेचं मोठं क्षय रुग्णालय आहे. येताना जुने फोटो, केसपेपर, गोळ्यांची पाकिटं, शिधापत्रिका आणि आधार कार्ड सोबत आणा. पैशाची अडचण असली तर इस्पितळातल्या समाजसेवा अधिकाऱ्यांना भेटा. ते कोणत्या योजनेत बसतं ते सांगतात. बरोबरच्या माणसाला उतरायला जागा नसली तर दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे, तिथे चौकशी करावी. क्षयाच्या रोग्याला औषध चालू असेपर्यंत सकस खाण्यासाठी सरकार बँकेच्या खात्यात पैसे टाकतं. २०१८ साली ही योजना सुरू झाली तेव्हा महिना पाचशे रुपये होते, नोव्हेंबर २०२४ पासून हजार झाले. नाव नोंदवताना पासबुक लागतं.

खाणावळवाल्या सातारकराचे सहा महिने पुरे झाले. शेवटचा फोटो काढायला तो आला तेव्हा आमच्या गाववाल्यालाही तपासणीला बोलावलं होतं. दोघांचे फोटो डॉक्टरांनी शेजारी शेजारी उजेडात धरले. सातारकराचा जवळजवळ स्वच्छ. आमच्या माणसाच्या फोटोत उजवीकडे खाली थोडा पांढरा पट्टा राहिला आहे. डॉक्टर म्हणाले, तो तसाच राहील, त्याची काळजी नाही. पोती उचलायचं काम त्याने सोडलं. आता त्याच गल्लीत मिरची तोलायला बसतो, नाकातोंडावर फडकं बांधून.